कापसाचे गाव आणि शाळेचा पट

गावाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तेथील राजे, लढाया, देवालये आणि वेशी यांची माहिती द्यावयाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अशा इतिहासाला वाण नाही. सिंदखेडराजा हे जिजाऊसाहेबांचे जन्मस्थान. लोणारचे सरोवर तर मानवी इतिहासाच्याही कितीतरी पूर्वीचे. परंतु ज्या खामगाव शहरात माझे बालपण गेले, त्याची घडण तलवारीने केली नाही. ती कापसाने केली. त्या घडणीचे एक साधन असे आहे की, ज्याकडे अभ्यासकांची दृष्टी क्वचितच वळते. ते म्हणजे शाळेचा पट. श्रोतेहो, आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे, विशेषतः वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव चढले, व्यापारी आले, खामगावची पेठ नावारूपास आली. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. एवढासा फाटा घातला गेला तो मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी. अमेरिकेतील युद्ध संपताच भाव कोसळले, ही गोष्टही विसरता कामा नये. दूरदेशीचा बाजार हा तेव्हापासूनच आमच्या गावचा न दिसणारा कारभारी होऊन बसला.

मी १९६५ साली पहिलीत बसलो, तेव्हा हे काहीच आम्हांस ठाऊक नव्हते. आम्हांस ठाऊक होता तो जिनाचा भोंगा. घरात घड्याळ असो वा नसो, भोंगा झाला की पाटी-दप्तर उचलून निघावयाचे. हंगामात साऱ्या वस्तीवर सरकीचा वास पसरलेला असे. वर्गात टाटपट्टीवर शेजारी बसलेल्या मुलाच्या केसांत रुईचे तंतू दिसले, की त्याची आई जिनात कामास जाते हे न विचारताच कळत असे. दशमान नाणी १९५७ सालीच सुरू झाली होती, म्हणून गुरुजी आम्हांस पैशांचे हिशेब शिकवीत. घरी मात्र आजी आण्यांतच बोले. पंचवीस पैसे म्हणजे चार आणे, हे भाषांतर आम्ही गणितापूर्वीच शिकलो. पावकी-दिडकीचे पाढे पुस्तकांतून मागे पडत होते, तरी बाजारात कापूस विकावयास आलेला म्हातारा शेतकरी त्यांच्याच बळावर दलालाची चूक जागच्या जागी पकडीत असे.

दसरा उलटला की वर्ग विरळ होई. कापसाची वेचणी हे बायकांचे आणि पोरांचे काम. बोंडे फुटली की ती वाट पाहत नाहीत. आई शेतात गेली की धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राही. गुरुजी हजेरी घेत. एका नावापुढे कोणी ‘हजर’ म्हणत नसे, मग दुसऱ्या नावापुढेही म्हणत नसे. आम्हां मुलांना त्याचे काही वाटत नसे. वेचणी संपली की ती येतील, असे सारेच धरून चालत; आणि बहुतेक परतही येत.

१९७२ साली मात्र हा क्रम मोडला. पावसाने महाराष्ट्राला दगा दिला. मी तेव्हा आठवीत होतो. दुष्काळी कामे निघाली. कोठे खडी फोडावयाची, कोठे पाझर तलावाची माती वाहावयाची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला ‘मिलो’ म्हणत. तिची भाकरी थापताना फुटत असे. त्याच हंगामात राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजनाही सुरू झाली. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटावा हा तिचा हेतू होता. पण ज्याच्या शेतात बोंडच धरले नाही, त्याने विकावयाचे काय? त्या वर्षी आमच्या वर्गातून जी मुले गेली, त्यांतील कित्येक परत आली नाहीत. गणितात आम्हां सर्वांच्या पुढे असलेली एक मुलगी त्यांत होती.

मार्च १९७५ मध्ये नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली परीक्षा झाली, तीत मी उत्तीर्ण झालो. गावातील वडीलधारी मंडळी मात्र आम्हांस ‘मॅट्रिक पास’च म्हणत राहिली. पुढे शिक्षक झालो आणि दाखल-खारीज रजिस्टर माझ्या हाती आले. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. कारणाच्या रकान्यात बहुधा दोनच शब्द आढळतात: ‘सतत गैरहजर’. या दोन शब्दांत पाऊस, भाव, कर्ज, लग्न, धाकटी भावंडे असे सारे गाडले जाते. आणि वाचणाऱ्यास वाटते की दोष मुलाचाच.

पुष्कळ वर्षांनी ती वर्गभगिनी आपल्या नातीस घेऊन माझ्याकडे प्रवेशासाठी आली. मला भाऊ म्हणावे की गुरुजी, याचा तिला क्षणभर संकोच पडला. वह्या-पुस्तकांचा खर्च मी कागदावर मांडीत होतो, तोच तिने बेरीज तोंडी सांगितली. ती अचूक होती. अर्जावर तिने स्वच्छ अक्षरांत सही केली आणि म्हणाली, “गुरुजी, पोरगी चार दिवस दिसली नाही तर नाव कमी करू नका; घरी निरोप पाठवा.”

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला आहे, आणि आठवी पुरी होईपर्यंत मुलास शाळेतून काढता येत नाही. हे फार मोठे पाऊल होय. तथापि नाव पटावर राहणे निराळे आणि मूल वर्गात असणे निराळे. ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी घरेच्या घरे आजही हंगामात गाव सोडतात.

शाळांचे रौप्य आणि सुवर्ण महोत्सव होतात, स्मरणिका निघतात, त्यांत गुणवंतांची नावे छापतात. ते उचितच आहे. माझी विनंती एवढीच की, अशा प्रसंगी जुनी रजिस्टरे एकदा कपाटातून बाहेर काढावी, वाळवी लागली असेल तर झाडून घ्यावी, आणि कमी झालेल्या नावांच्या तारखा वाचाव्या. कोणत्या वर्षी किती नावे गेली हे नुसते मोजले, तरी गावावर कोणत्या साली काय कोसळले ते कळू लागेल. राजांच्या याद्या इतरत्र मिळतील. ही यादी दुसरीकडे कोठेही मिळावयाची नाही.