पावसाबाहेरचा पापवा

पापवा सेवगोलमचे नाव निघाले, की पाठोपाठ पाऊस येतो. १९६३ साली डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर त्याने ‘नाताल ओपन’ जिंकली. पण वर्णभेदाच्या त्या दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या विजेत्याला क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. करंडक त्याने बाहेर, पावसात भिजत स्वीकारला. इतिहासकारांना ही प्रतिमा फार सोयीची पडते. आमची तक्रार अशी, की तिच्याआड त्याचा खेळ दिसेनासा झाला.

सेवसंकर (‘शिवशंकर’चेच हे रूप असावे) हा गोऱ्या खेळाडूंच्या काठ्या वाहणारा कॅडी. पाहून पाहूनच तो शिकला, आणि त्याची पकड उलटी बसली. उजवे खेळाडू डावा हात वर, उजवा खाली धरतात. याचा उजवा वर. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी मोडून काढली असती अशी ही पकड. तिच्याच बळावर त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली ‘डच ओपन’ जिंकली. १९६५ च्या ‘नाताल ओपन’मध्ये तर गॅरी प्लेयरला हरवले, त्याच वर्षी ‘यूएस ओपन’ जिंकून चारही प्रमुख स्पर्धांचा विजेता ठरलेल्या प्लेयरला!

त्यानंतर सरकारने गोऱ्यांच्या स्पर्धांची दारे त्याला बंद केली. १९७८ साली तो वारला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे त्याच्याविषयी आपण जे वाचतो, ते सारे इतरांनी लिहिलेले आहे, आणि त्या इतरांना पकडीपेक्षा पाऊस वर्णन करणे सोपे गेले.