मधला माणूस

शिकागो, १९५५. मागे सीअर्स कंपनीचा मनोरा, समोर करड्या चुनखडीची दोन बिऱ्हाडांची घरं : खाली मालक, वर भाडेकरू. तुम्ही नॉर्थ लॉनडेलच्या एका गल्लीत उभे आहात. दारांच्या चौकटींवर तिरप्या ठोकलेल्या छोट्या डब्या दिसतात, ज्यू घरांची खूण. इथल्या बहुतेकांचे आईबाप रशियाकडून जीव घेऊन पळून आलेले. शहरालगतच्या काही श्रीमंत उपनगरांत त्यांनाही मज्जाव होता. शेजारी कोण असावा हे दुसऱ्यानं ठरवलं की कसं वाटतं, हे त्यांना कुणी सांगायला नको.

एक काळी बाई बाबागाडी ढकलत येते. या गल्लीत तिच्या ओळखीचं कुणी नाही. ती टोकापर्यंत जाते, वळते, पुन्हा येते. खिडक्यांचे पडदे हलतात. गाडीत बाळ आहे की नाही हे कुणी वाकून बघत नाही. या फेऱ्यांचे तिला पैसे मिळणार आहेत, हेही कुणाला ठाऊक नाही.

रात्री तुम्ही त्यांतल्याच एका घरात जेवायला बसलेले असता आणि फोन वाजतो. "जॉनी मे आहे का?" नाव काळ्या वस्तीतलं. राँग नंबर. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दारात एक माणूस, हॅट हातात, बोलणं अदबीचं.

"कोपऱ्यावरचं घर गेलं, ऐकलंत ना? मी कुणाला नावं ठेवत नाही हो. पण आज देतो तो भाव पुढच्या महिन्यात देणार नाही."

"आमचं त्यांच्याशी काही भांडण नाही," यजमान म्हणतात.

"नसेलच. पण शेजाऱ्यांचं काय?"

आठवड्याभरात सही होते. घर पडत्या भावानं जातं आणि कुटुंब शहराच्या उत्तरेला निघून जातं. मनात राहतं ते एवढंच : काळे आले आणि आमचं घर गेलं. (अशी भीती घालून घरं स्वस्तात घेण्याचा धंदा करणाऱ्या एकानं १९६२ मध्ये 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात टोपणनावानं सगळी कबुली दिली. सुरात पश्चात्तापापेक्षा कसबाचा अभिमानच जास्त.)

आता त्याच हॅटवाल्याच्या मागोमाग दुसऱ्या स्वयंपाकघरात चला. नवराबायको मिसिसिपीहून आगगाडीनं आलेले, दोघंही कमावते. बँकेनं कर्ज नाकारलंय. १९३४ पासून वॉशिंग्टनचं सरकार घरकर्जाला हमी देतं, पण ज्या वस्तीत काळे राहतात किंवा येऊ घातलेत तिला नकाशावर लाल रंग, आणि लाल रंगाला हमी नाही. दुसरीकडे जावं? पश्चिमेला लागूनच सिसेरो आहे. तिथे १९५१ मध्ये एका काळ्या कुटुंबानं भाड्यानं घर घेतलं, तर हजारोंच्या जमावानं इमारतीची नासधूस केली आणि लष्करी जवान बोलवावे लागले. जायचं कुठे? मग हॅटवाला इसार मागतो आणि करारनामा पुढे सरकवतो.

तो जरा थांबून वाचा. नवराबायकोला तेवढी सवड मिळालेली नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. दुरुस्ती, कर, विमा घेणाऱ्याच्या माथी. एक हप्ता चुकला तरी घर जाणार आणि भरलेला पैसाही बुडणार. मग तेच घर पुन्हा दुसऱ्याला विकायचं. लॉनडेलमधल्या एका घराचा हिशेब पुढे जगजाहीर झाला : विकणाऱ्यानं ते १२,००० डॉलरना घेतलेलं होतं, १९६१ मध्ये घेणाऱ्याला २७,५०० ला पडलं.

आता हप्त्याचं गणित बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. नवरा दुसरी नोकरी धरतो, बायको रात्रपाळी. पोरं दिवसभर रस्त्यावर. वरच्या बिऱ्हाडाचे दोन भाग करून दोन भाडेकरू ठेवतात. छत गळतं, पण आधी हप्ता, छत पुढच्या वर्षी. १९५० मध्ये वस्तीत काळे शेकडा १३ होते, १९६० मध्ये शेकडा ९१. जुने मालक कधी गाडीनं या बाजूनं जातात, उखडलेला गिलावा बघतात आणि एकमेकांना म्हणतात, "सांगत नव्हतो?" आणि आतली बाई पावती जपून ठेवताना म्हणते, "गोऱ्यांवर विश्वास ठेवू नये." दोघांकडेही डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे. जुने मालक आणि नवे घेणारे एका टेबलाशी कधी बसलेलेच नाहीत, मला या साऱ्या प्रकरणात तेच सगळ्यात जास्त खटकतं.

१९६६. मार्टिन ल्यूथर किंग याच वस्तीत, हॅमलिन अव्हेन्यूवर भाड्यानं राहायला आलेत. ५ ऑगस्टला तुम्ही त्यांच्याबरोबर गोऱ्यांच्या वस्तीतल्या मार्केट पार्कात आहात. मोर्चा घरांच्या दलालाच्या कचेरीकडे निघालाय. दगड येतात, एक किंगच्या डोक्याला लागतो आणि ते गुडघ्यावर बसतात. दक्षिणेतही एवढा द्वेष पाहिला नाही, असं ते नंतर म्हणतात. कचेरीत बसलेल्यावर मात्र दगड मारणाऱ्यांचा राग नाही.

१९६८. एक कॅथलिक पाद्री होऊ घातलेला तरुण आणि त्याच्याबरोबरचे विद्यार्थी जुने दस्त उपसतायत. दलालानं गोऱ्या मालकाला काय दिलं आणि काळ्याकडून काय घेतलं, हे दोन आकडे शेजारीशेजारी येतात. मग चर्चमधली बैठक. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की फसलो ते आपणच, म्हणून शेजाऱ्याकडेही कुणी किंमत काढली नव्हती. आता एकेक जण उभा राहून आकडा सांगतो. लाज हळूहळू संतापात बदलते. 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' उभी राहते आणि वर्ष संपता संपता शेकडो कुटुंबं हप्ते थांबवतात.

काहींचे करार नव्यानं ठरतील. कोर्टातले मोठे दावे ते हरतील. पण आत्ता १९७० आहे, शिकागोतला कडक हिवाळा. शेरिफची माणसं हप्ते थांबवलेल्या एका घरातलं सामान फुटपाथवर आणून टाकतात, दाराला कुलूप लावतात आणि निघून जातात. त्यांची गाडी वळली न वळली तोच शेजारपाजार धावतो. कुलूप निघतं. कुणी खुर्च्या उचलतो, कुणी फ्रिजला हात घालतो. एक बाई गादीचं टोक तुमच्या हातात देते.

"उभे काय राहिलात? धरा की!"