तिसरा साचा

कारखान्यात नवे यंत्र बसवायला किती दिवस लागतील, हे तिथला इंजिनियर बोटांवर मोजून सांगतो. पण त्या यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनात ते बसायला किती काळ लागेल, याचा हिशेब कोणत्याही खतावणीत मांडलेला नसतो. हा न मांडलेला हिशेब चुकला म्हणजे काय होते आणि थोडाबहुत जुळला म्हणजे काय होते, हे दाखवणाऱ्या दोन हकिकती आपल्या कापडधंद्याच्या इतिहासात आहेत. एक मुंबईची, १९२८ सालची. दुसरी अहमदाबादची, १९५३ सालची.

मुंबईच्या गिरण्यांत मागाला ‘साचा’ म्हणत. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून हा धंदा वाढत गेला आणि परळ-लालबागपासून डिलाईल रोडपर्यंत गिरणगाव वसले. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस ओळखीच्या जॉबरच्या वशिल्याने कामाला लागे, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी आणि खानावळीत जेवे. साचेखात्यातला विणकर दोन साचे सांभाळी. कोणी कायदा करून हे ठरवले नव्हते. वहिवाटीने ते ठरले होते, आणि वहिवाट ही कायद्याहून चिवट असते.

पहिल्या महायुद्धातली बरकत ओसरली आणि जपानी कापडाने बाजार काबीज करायला सुरुवात केली. मालकांनी १९२५ साली मजुरीत शेकडा साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. मोठा संप झाला आणि कपात मागे घ्यावी लागली. मजुरी उतरत नाही, तर मग माणसामागे काम वाढवावे, असा विचार पुढे आला. सरकारने नेमलेल्या टॅरिफ बोर्डानेही १९२७ साली कार्यक्षमता वाढवण्याची शिफारस केली. विणकराने दोनांऐवजी तीन साचे चालवावेत आणि सूतकताईच्या खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी योजना सासून गटाच्या गिरण्यांत १९२८ च्या आरंभी अमलात येऊ लागली.

कागदावर ही योजना वेडगळ नव्हती. तीन साचे चालवणाऱ्याची महिन्याची कमाई काहीशी वाढणार होती. पण गिरणगावातला अडाणी म्हटला जाणारा माणूसही त्रैराशिक जाणत होता. एखाद्या गिरणीत १२०० साचे असले, तर दोन साच्यांच्या हिशेबाने ६०० विणकर लागतात, तीनाच्या हिशेबाने ४००. उरलेले २०० कुठे जाणार? ते २०० कोणी परके नव्हते. त्यांत कोणाचा चुलता, कोणाचा मेहुणा, तर कोणी एकाच चटईवर पाळीपाळीने झोपणारा सोबती. आपल्या हाती येणारा तिसरा साचा हा शेजाऱ्याच्या ताटातून उचललेला आहे, असे ज्याला वाटते, त्याला वाढीव कमाईचा घास गोड कसा लागावा?

हा माणूस यंत्राचा वैरी होता, असे मात्र कोणी समजू नये. खंडेनवमी-दसऱ्याला साच्यांना झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा करणारा तोच होता. त्याचे भांडण लोखंडाशी नव्हते. आपल्या पोटाचा निर्णय आपल्याला न विचारता होतो, याच्याशी होते.

एप्रिल १९२८ मध्ये गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. २६ एप्रिलपासून संप सार्वत्रिक झाला आणि ६ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळ चालला. दीड लाखाच्या घरात कामगार बाहेर होते. ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ पुढारी आणि डांगे, निंबकर, मिरजकर यांच्यासारखे साम्यवादी संयुक्त संपसमितीत एकत्र बसले. अर्जुन आळवे हे तर स्वतः गिरणीत राबलेले गृहस्थ. या धामधुमीत जन्मलेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेरीस ५४ हजारांवर गेली. जी माणसे विचारण्याजोगी वाटली नव्हती, ती आता मोजण्याजोगी झाली.

पण याच संपाची आणखी एक बाजू आहे. कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावावा, या सबबीवर अधिक मिळकतीच्या साचेखात्याचे दार दलित कामगारांना बंद होते. आणि ते बंद ठेवणारे हात मालकांचे नव्हते, सोबत्यांचेच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. ज्याला पहिलाच साचा मिळत नाही, त्याने दुसऱ्याच्या तिसऱ्या साच्यासाठी उपाशी का मरावे? आम्हाला विचारले नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी तरी खाली कोणाला विचारले होते? हा प्रश्न आजही कोणत्याही कचेरीत, कोणत्याही शाळेत टोचावा असाच आहे.

संप मिटताना न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९२९ च्या मार्चमध्ये आला. योजनेचे मूळ तत्त्व समितीला रास्तच वाटले; पण तोवर मने फाटली होती. त्याच महिन्यात मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि एप्रिलअखेर दुसरा सार्वत्रिक संप पुकारला गेला. तत्त्व बरोबर होते की चूक, हा वाद विद्वान घालोत. ज्या रीतीने ते माणसांपुढे आले, ती रीत महागात पडली, हे निश्चित.

आता पंचवीस वर्षे पुढे येऊन अहमदाबादला जाऊ. इथली परंपरा निराळी होती. १९१८ सालचा गांधीजींचा लढा लवादाने मिटला होता आणि १९२० पासून अनसूयाबेन साराभाई यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले मजूर महाजन वाटाघाटींची वाट चालत होते. साराभाईंच्या कॅलिको कंपनीने आपल्या ज्युबिली मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसवले. यंत्रे नवी, अपेक्षा मोठी. पण उत्पादन वाढेना आणि सदोष कापड घटेना. तेव्हा लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले ए. के. राइस १९५३ साली तिथे आले.

राइस यांना दिसले ते असे : २२४ मागांचे काम बारा प्रकारांत चिरफाळलेले. विणकराकडे मागांची एक संख्या, कांड्या भरणाऱ्याकडे दुसरी, तुटलेले धागे जोडणाऱ्याकडे तिसरी. कोण कोणाचा सोबती, याचा पत्ता नाही. एकत्र कुटुंबात प्रत्येकाने निराळी चूल मांडावी तसे ते झाले होते. एका मागांच्या गटाची जबाबदारी एका टोळीवर सोपवावी, अशी कल्पना राइस यांनी व्यवस्थापकांपुढे मांडली. ती पर्यवेक्षक आणि कामगारांपर्यंत पोचली मात्र, त्यांनी ती उचलून धरली. कोण कोणाबरोबर काम करील, हे त्यांनी आपापसांत ठरवले. ६४ मागांमागे सात माणसांची टोळी तयार झाली.

अडचणी आल्याच. परंतु घडी बसल्यावर कार्यक्षमता शेकडा ८० वरून ९५ वर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ वरून २० वर उतरले. यंत्रे तीच, माणसेही तीच. बदलले होते ते त्यांचे परस्परांशी नाते.

दोन्ही हकिकती एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल, हे खरे. मुंबईत हजारोंच्या भाकरीचा प्रश्न होता, अहमदाबादेत एका खात्याच्या मांडणीचा. नुसत्या गोड बोलण्याने २०० विणकरांची उपासमार टळली नसती. म्हणून विचारणे म्हणजे समजूत घालणे नव्हे. ज्याला विचारले त्याच्या उत्तराने बेत बदलायला जागा असेल, तरच ते विचारणे खरे.

आणि ते एकदा करून भागत नाही. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० साली त्या गिरण्यांची पुन्हा पाहणी केली. एका खात्यात सोळा वर्षांनंतरही ती पद्धत जवळजवळ जशीच्या तशी टिकून होती; इतर खात्यांत ती कमी-अधिक मागे पडली होती. यंत्राला तेल रोज घालावे लागते, हे कारखान्यात कोणाला सांगावे लागत नाही. माणसांच्या विश्वासाचेही तसेच आहे. फरक इतकाच की तो कोरडा पडला, तर करकर आवाज होत नाही. भोंगा वाजतो, दार उघडते, आणि आत कोणीच येत नाही, तेव्हा कुठे ते कळते.