उचल, इसारा आणि फारकत

अशोकस्तंभापासून पश्चिमेकडे निघालेला गंगापूर रस्ता चालत गेल्यास नाशिकच्या घरबांधणीचा इतिहास जवळजवळ क्रमाने भेटत जातो: पाठीमागे, गोदाकाठच्या दाटीत, सागवानी खांबांचे आणि पक्क्या विटांचे जुने वाडे राहतात, मग पंडित कॉलनी, थत्तेनगर अशा बंगलेवजा वसाहती लागतात, जेहान सर्कलच्या पुढे, आनंदीबाईंच्या नावावरून चौंधसची आनंदवल्ली झालेल्या त्या राघोबादादांच्या गावापर्यंत, मळे मोडून उठलेल्या सदनिकांच्या रांगा दिसतात, आणि सर्वांच्या शेवटी, गंगापूर गावापलीकडे, मातीचे ते विस्तीर्ण धरण. या रस्त्यावर आता नवे घर बांधण्याइतकाच जुने घर नवे करण्याचा उद्योग चालतो. कोणी फरशी उखडून नवी टाइल बसवितो, कोणी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम काढतो, कोणी ओटा फोडून मॉड्युलर किचनची ऑर्डर देतो. आणि जेथे काम आहे तेथे ते अर्धवट मोडण्याची पाळीही केव्हातरी येतेच. अशा वेळी घरमालकाने आगाऊ दिलेल्या रकमेचे काय व्हावे, हा प्रश्न वाटतो तितका आधुनिक नाही. आपल्या कायद्याने त्याची तीन निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि त्यांतले पहिले उत्तर आज ग्राहकहिताच्या गप्पांत कोणास आठवतही नाही.

गावगाड्यात हा प्रश्न उद्भवण्यास फारसा अवकाश नव्हता. सुताराने नांगर-कुळव नीट ठेवावे आणि त्याबद्दल खळ्यावर बलुते घ्यावे, ही वहिवाट; नवे घर उभारणे हे मात्र बलुत्याबाहेरचे काम, त्याची मजुरी वेगळी ठरे आणि ती बहुधा तोंडीच ठरे. काम टाकून जाणाऱ्या कारागिराला गाव टाकून जाता येत नसे, हीच त्याची जामीनकी. आणि वतनदार कारागिराला मालकाने मनात येईल तेव्हा घालवून देता येत नसे, हे त्याचे संरक्षण. तंटा झालाच तर तो पंचांपुढे जाई. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण जातीच्या उतरंडीत खालच्या पायरीवरील माणसाची फिर्याद कितपत ऐकली जाई हे सांगावयास नको; परंतु त्या व्यवस्थेत दोन्ही पक्ष एकमेकांस जखडलेले होते, एवढे खरे.

शहरात ही गाठ सुटली. परगावचा गवंडी उचल घेऊन नाहीसा होऊ लागला, निदान मालकवर्गाची तक्रार तशी होती, आणि या तक्रारीची दखल कंपनीचे राज्य संपून नुकत्याच आलेल्या सरकारने विलक्षण तत्परतेने घेतली. १८५९ च्या तेराव्या कायद्याने, ज्याचा मूळ अंमल कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांपुरता असून तो अन्यत्र लागू करण्याची मुभा ठेविली होती, असे ठरविले की आगाऊ रक्कम घेऊन कारागिराने अथवा मजुराने सबळ कारणावाचून काम नाकारल्यास मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावे. मॅजिस्ट्रेटने मालकाच्या इच्छेप्रमाणे रक्कम परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा. आणि तो हुकूम न पाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीच्या तुरुंगात धाडावे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मालकाने मजुरी बुडविली तर त्याच्यासाठी तुरुंग नव्हता. त्याच्यावर दिवाणी दावा लावावा, आणि तो लावण्याची ऐपत गवंड्याने कोठून तरी आणावी. आगाऊ पैसे देणाऱ्याच्या हक्काचे रक्षण इतक्या एकतर्फी कडकपणाने होऊ नये हेच उचित. १९२५ साली तो कायदा रद्द करण्याचे विधेयक मंजूर झाले.

दरम्यान १८७२ चा करार कायदा आला होता, आणि आजही घरकामाच्या करारास फारकत द्यावयाची तर आधार त्याचाच. एका पक्षाने काम करण्याचे साफ नाकारले तर दुसऱ्याने करार संपवावा, हे कलम ३९. मुदत हाच कराराचा प्राण असेल तर ती टळताच करार मोडता येतो, एरवी केवळ नुकसानभरपाई मिळते, हे कलम ५५. आणि करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कोर्टाने त्या मर्यादेच्या आत वाजवी तेवढीच द्यावी, हे कलम ७४. या शेवटच्या कलमाचा खरा अर्थ १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात उलगडला. दिल्लीतील एका बंगल्याच्या व्यवहारात खरेदीदाराने इसारा म्हणून १,००० रुपये आणि पुढे किमतीपोटी २४,००० रुपये दिले होते. व्यवहार फिसकटला, आणि विकणाऱ्याने करारातील शब्दांवर बोट ठेवून सर्वच्या सर्व २५,००० जप्त केले. न्यायालयाने इसाऱ्याचे १,००० त्याच्याकडे राहू दिले. उरलेल्या २४,००० बाबत, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झाल्यावाचून ती रक्कम दाबून ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. गंगापूर रस्त्यावरील एखाद्या फर्निचरच्या दुकानात करारावेळी निम्मी रक्कम आणि माल येण्यापूर्वी बाकीची बरीचशी मागितली जाते, आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही’ असे छापलेले असते, तेव्हा त्या छापील ओळीची कायदेशीर किंमत या निकालाच्या उजेडात पाहावी.

अर्थात हे सारे दिवाणी कोर्टातले, आणि दिवाणी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा गळकी गच्ची बरी, असे मानणारे लोक काही मूर्ख नव्हते. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि १९९३ मध्ये, लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात, घरबांधणी ही ‘सेवा’ असून तीत कसूर झाल्यास ग्राहकास दाद मागता येते हे पक्के झाले. २०२० च्या जुलैपासून अंमलात असलेल्या नव्या कायद्याने तर तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार नेता येते. दुकानाचे मुख्य कार्यालय बंगळुरास असले तरी आनंदवल्लीच्या रहिवाशाने नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर फी नाही, वकील लागतोच असे नाही, मुदत मात्र दोन वर्षांची. एक खोच अशी की एकतर्फी व अन्याय्य अटींचा करारच रद्दबातल ठरवून घ्यावयाचा तर जिल्हा आयोग पुरत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. सामान्य माणसाच्या सोयीसाठी केलेल्या कायद्यात ही तरतूद कोणाच्या सोयीची आहे, ते मला उमगलेले नाही.

आणि केवळ मन बदलले म्हणून? अमेरिकेत घरी येऊन गळ्यात मारलेला सौदा तीन दिवसांत निमूट मोडण्याची सवलत १९७४ पासून आहे. आपल्याकडे घरकामाच्या करारास अशी सर्वसाधारण सवलत नाही. कसूर दुसऱ्याची नसेल तर झालेल्या कामाचे पैसे आणि वाजवी नुकसान भरून द्यावेच लागते.

झालेले काम म्हणजे किती, हे ठरविण्याची वेळ आली म्हणजे मात्र दुकानाचा छापील कागद मुका होतो आणि मिस्त्रीची वही बोलू लागते. लांबट, मळकट, पेन्सिलने आखलेली ती वही: डावीकडे हजेरी, उजवीकडे आठवड्याची खर्ची, मधूनच ‘बाथरूम स्कर्टिंग बाकी’ अशी एखादी ओळ, आणि मालकाने ‘तसेच करा’ म्हणून तोंडी सांगितलेल्या वाढीव कामाची खूण. सुज्ञ घरमालक काम थांबविण्याची लेखी नोटीस देण्याआधी मोजमाप घेतो, फोटो काढतो आणि त्या वहीतील पानावर दोघांच्या सह्या घेतो. तक्रारीत प्रतिपक्ष म्हणून नाव दुकानाचे येते. दुकानाने काम ठेकेदारास, ठेकेदाराने मिस्त्रीस आणि मिस्त्रीने दोन बिगाऱ्यांस दिलेले असते. करार फिसकटला की दुकान आपले नुकसान ठेकेदाराच्या बिलातून कापते, ठेकेदार मिस्त्रीच्या. आणि १८५९ च्या कायद्याने ज्यास तुरुंगाची धास्ती घातली होती त्या माणसाची थकलेली खर्ची कोणत्या आयोगापुढे मागावी, याची वाट ग्राहककायद्यात नाही, कारण तो ग्राहक नव्हे.