टॅक्सीच्या डिकीतली टाकी

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या वह्यांवर बोललो. आज गाड्यांचा इतिहास सांगणार आहे. बायकांच्या कार्यक्रमात गाड्या कशाला, असं कुणी विचारेल, म्हणून आधीच सांगते. गाडी कशावर चालवायची हे सरकार ठरवतं, पण त्याचा खर्च कुणाच्या तरी घरातून निघतो. मी राहते त्या घाटकोपरला तो बऱ्याचदा टॅक्सीवाल्याच्या नि रिक्षावाल्याच्या घरातून निघाला. आणि आता सरकार आपल्याच बायकांना म्हणतंय, बॅटरीची रिक्षा घ्या. तेव्हा मागे काय झालं ते माहीत असलेलं बरं.

पेट्रोलशिवाय चालणारी गाडी ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०७ साली विजेची. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची लोकल धावली, देशातली पहिली. कुर्ला म्हणजे घाटकोपरच्या अलीकडे दोन स्टेशनं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं, तेव्हा मागे भट्टी लावून कोळशाच्या वायूवर मोटारी चालवल्या. तुमच्या गावात कुणी खूप म्हातारं माणूस असेल तर विचारा, कोळशाच्या गाडीची आठवण निघेल. धक्का मारायला उतारू खाली उतरायचे म्हणतात. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, भट्ट्या निघाल्या. ट्रामही १९६४ साली बंद झाली.

त्याच कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे फियाट, पुढे जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, ती इथली. त्या काळात कोणी किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं. नाव नोंदवलं की गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं असताना गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायची गरज कारखान्याला कशाला वाटेल? माझ्या मते सरकारनं इथे नकळत उलटंच काम केलं.

मग १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बाराच्या आसपास गेलं. नशीब असं की १९७४ मध्ये आपल्याच समुद्रात, बॉम्बे हायला तेल आणि वायू सापडला. १९७८ साली सरकारनं इंधन वाचवायला एक संस्थाच काढली, पीसीआरए. गाडी पंचेचाळीस-पन्नासच्या वेगानं चालवा, सिग्नलला इंजिन बंद करा, असं ती पुरुषांना सांगायची. बायकांना सांगायची की डाळ भिजत घाला, कुकर वापरा, भांड्यावर झाकण ठेवा. आपण डाळ आधीपासून भिजवतच होतो. पुरुषांनी इंजिन किती बंद केलं ते तुम्हीच बघा.

उपदेशापेक्षा जास्त काम एका गाडीनं केलं. सरकारनं १९८१ साली मारुती उद्योग ही स्वतःची कंपनी काढली, जपानच्या सुझुकीला सोबत घेतलं आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. कमी तेलात चालणारी गाडी बनवायची, हा त्या कंपनीच्या स्थापनेचाच एक हेतू होता. ती आली आणि जुन्या जड गाड्या मागे पडल्या. पण टॅक्सी आणि रिक्षा होत्या तशाच राहिल्या, आणि शहराचा धूर मुख्यतः तिथे होता.

आता रॉकेलचं सांगते, कारण हा भाग आपल्या घरातला आहे. रेशनवर रॉकेल स्वस्त मिळायचं ते गरिबाच्या स्टोव्हसाठी. पेट्रोल आणि डिझेल त्याच्या कितीतरी पट महाग. एवढा फरक ठेवला की मधला माणूस गप्प बसत नाही. आपल्या वाट्याचं रॉकेल रेशनच्या दुकानात ‘आलं नाही’ व्हायचं आणि रिक्षाच्या टाकीत जायचं, ट्रकच्या डिझेलमध्ये जायचं. त्या वेळच्या रिक्षा टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल घालून चालणाऱ्या. त्यात रॉकेल पडलं की मागून निळा-पांढरा धूर. आमच्या डोंगराच्या चढावर रिक्षा गेली की खाली दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना वास यायचा, हे मला लहानपणचं आठवतं. हा धंदा किती मोठा होता ते २५ जानेवारी २०११ ला साऱ्या महाराष्ट्राला कळलं. मनमाडजवळ पानेवाडीला तेलाची भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं.

मुंबईच्या हवेचं प्रकरण त्याच्या आधीच कोर्टात गेलं होतं. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं १९९८ च्या जुलैत सगळ्या बस सीएनजीवर आणायला सांगितलं होतं. त्यानंतर १९९९ साली मुंबईतल्या रहिवाशांच्या एका मंचानं, ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ त्याचं नाव, उच्च न्यायालयात अर्ज केला की धुरानं आमच्या छाती भरल्या आहेत. कोर्टानं परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली. समितीनं २००० साली अहवाल दिला. पुढच्या वर्षी कोर्टानं आदेश काढला: ठराविक वयापुढच्या टॅक्सी-रिक्षा सीएनजी किंवा एलपीजीवर आणा, नाहीतर रस्त्यावरून काढा.

इथे एक गोष्ट नीट बघा. सीएनजी काही कोर्टानं आणला नव्हता. बॉम्बे हायचा वायू उरणला येत होताच. तो शहरात वाटायला १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी निघाली होती, सरकारी गेल आणि इंग्लंडची ब्रिटिश गॅस यांची मिळून. पंप उभे राहत होते. वायू पेट्रोलपेक्षा स्वस्त होता. तरी टॅक्सीवाला गाडी बदलत नव्हता, कारण किट बसवायचा पैसा एकदम लागत होता आणि वाचणारा पैसा रोज थोडा थोडा येणार होता. आपल्या गटातल्या बाईला शिलाई मशीन घेताना जी अडचण येते, तीच. हुकूम आल्यावर मात्र पर्याय उरला नाही. बँकेकडून, पतपेढीकडून, सावकाराकडून, जिथून मिळेल तिथून पैसे काढून लोकांनी किट बसवली.

टॅक्सीच्या डिकीत वायूची जाड टाकी बसली आणि सामानाची जागा गेली. गावाहून तांदळाचं पोतं घेऊन दादरला उतरलेल्या माणसाला पोतं टपावरच्या कॅरियरवर चढवावं लागायचं. दर तीन वर्षांनी त्या टाकीची तपासणी, तिचा वेगळा खर्च. सुरुवातीला पंप थोडे आणि रांगा लांब. रांगेत गेलेले तास कुणाच्या हिशेबात नाहीत. आमच्या गटातल्या एक मावशी सांगतात, त्यांचे मालक पहाटे तीनला रांगेत जायचे, आणि किटचा हप्ता फिटेपर्यंत घरात दोन वर्षं नवीन कपडा आला नाही.

पण त्या हेही सांगतात की हप्ता फिटल्यावर हातात रोज जास्त पैसे उरायला लागले. आणि धूर गेला, हे तर खरंच आहे. आज मुंबईत पेट्रोलवर चालणारी रिक्षा शोधावी लागेल. जिथे हुकूम, स्वस्त भाव आणि जवळ पंप हे तिन्ही एकत्र आले तिथे बदल टिकला, असं मला हा सगळा इतिहास वाचून वाटतं. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला ती गाडी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिच्या निरोपाच्या खूप बातम्या आल्या, फोटो आले. टाकीच्या हप्त्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

एकाच नळावर सगळे अवलंबून राहिलो, हेही खरं. २०२५ च्या नोव्हेंबरात मुख्य वाहिनीला इजा झाली आणि मुंबई-ठाण्यातले बरेच सीएनजी पंप कोरडे पडले. रिक्षा उभ्या.

डिझेलचं थोडक्यात सांगते. ट्रॅक्टर, पंप आणि एसटीसाठी सरकार डिझेल स्वस्त ठेवत असे. पेट्रोलचा भाव २०१० साली मोकळा केला आणि डिझेलचा २०१४ साली. मधली चार वर्षं श्रीमंतांनी डिझेलच्या मोठ्या गाड्या घेतल्या आणि शेतकऱ्याच्या नावाची सवलत त्यांच्या टाकीत गेली. म्हणून सवलत जाहीर झाली की ती नक्की कुणाच्या दारात जाते, हे मी आधी बघते.

आता विजेच्या गाड्या. केंद्र सरकारनं २०१५ साली फेम नावाची योजना आणली, २०१९ साली दुसरी फेम दहा हजार कोटींची. त्याच वर्षी विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. महाराष्ट्रानं २०१८, २०२१ आणि २०२५ साली आपली धोरणं काढली. बेस्टनं २०१७ साली विजेच्या बस घेतल्या, आता दुमजलीही आहे. ती आवाज करत नाही, रस्ता ओलांडताना जपा.

पण अनुदानाचा भरवसा किती? दुचाकीच्या बॅटरीवर २०२१ च्या जूनमध्ये दर युनिटमागे १५ हजार रुपये केले होते, २०२३ च्या जूनमध्ये १० हजारांवर आणले. मे महिन्यात स्कूटर घेणारी आणि जूनमध्ये घेणारी, दोघींच्या किमतीत फरक पडला. २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला आहे. चांगलं आहे. पण आपल्यातली किती जणी समृद्धीवरून स्वतःची मोटार नेतात?

आपल्या कामाची आहे ती पिंक ई-रिक्षा. राज्य सरकारनं २०२४ साली ही योजना मंजूर केली आणि २०२५ मध्ये पुण्यात रिक्षा वाटायला सुरुवात झाली. २० टक्के सरकार देतं, १० टक्के आपण घालायचे, ७० टक्के बँकेचं कर्ज. समजा रिक्षा ४ लाखांची आहे. सरकारचे ८० हजार, आपले ४० हजार, आणि २ लाख ८० हजारांचं कर्ज आपल्या नावावर. हप्ता पाच वर्षं जाणार. सीएनजीच्या वेळी कर्ज मालकाच्या नावावर होतं, आता आपल्या.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्या. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, आणि ती कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी आहे का. बॅटरी बदलायला किती लागतात, हे दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या. एका चार्जमध्ये भरलेली रिक्षा किती किलोमीटर जाते, तेही चढावर. कंपनी सांगते तो आकडा सपाट रस्त्याचा असतो. तुमच्या तालुक्यात दुरुस्ती करणारा कोण आहे? गावात भारनियमन असेल तर रात्री किती तास वीज राहते ते महिनाभर वहीत टिपा. लायसन्स आणि बॅज आपल्या नावावर काढा. रिक्षा बाईच्या नावावर आणि चालवणारा दुसराच, असं झालं की कमाई कुणाच्या हातात जाते ते मी सांगायला नको.

आमच्या गटातल्या दोघी बॅटरीची रिक्षा घ्यायचं म्हणताहेत. एक खाली रस्त्याला लागून राहते, तिला दारात प्लग मिळेल. दुसरी डोंगरावर, जिथे रिक्षा घरापर्यंत जातच नाही. रात्री ती चार्जिंगला कुठे लावायची आणि तिच्यावर नजर कुणी ठेवायची, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तिचा अर्ज भरून तयार आहे, माझ्या फाइलमध्ये.