बारामती–इंदापूर : अंतर व प्रवासकाल
पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन तालुक्यांची ठिकाणे. त्यांतील सरळ रेषेतील अंतर सु. ४७ किमी. असून रस्त्याने ते पन्नास किमी.हून थोडे अधिक भरते. अंतर कायम असले, तरी ते ओलांडण्यास लागणारा काळ गेल्या दोन शतकांत वाहनांनुसार, तसेच मार्गाच्या आखणीनुसार बदलत गेला.

बैलगाडीच्या काळात हा प्रवास सामान्यतः दोन दिवसांचा होता. देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या तुकाराम महाराजांच्या पालखीस सणसर, निमगाव केतकी यांसारख्या मुक्कामांमुळे याच वाटेवर आजही तीन-चार दिवस लागतात. मोटारीने मात्र सु. एक तास पुरतो. पाटस–बारामती–इंदापूर–बोंडले हा रस्ता पालखी महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी) म्हणून विकसित करण्यात आला.

लोहमार्गाने हे अंतर घटले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५८ मध्ये पुण्याहून इंदापूर तालुक्यातील डिकसळपर्यंत व १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. परंतु तो भीमेच्या बाजूने गेल्याने इंदापूर शहर त्याच्या दक्षिणेस राहिले. दौंड–बारामती हा ४४ किमी. लांबीचा अरुंदमापी फाटा १९१४ मध्ये सुरू झाला. पुढे तो रुंदमापी झाला, तरी बारामतीपाशीच संपत असल्याने पूर्वेकडील इंदापूरला त्याचा थेट उपयोग झाला नाही. उजनी धरणाच्या (१९८०) जलाशयामुळे भीमाकाठच्या मूळ लोहमार्गाचा काही भाग बदलावा लागला आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल इंदापूर व करमाळा तालुक्यांतील रस्तावाहतुकीच्या उपयोगी पडला.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बारामती येथे विमानतळ उभारला. नांदेड, लातूर, उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) व यवतमाळ येथील विमानतळांबरोबर तो २००९ मध्ये खाजगी कंपनीस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आला. वैमानिक-प्रशिक्षण व खाजगी उड्डाणे हाच त्याचा प्रमुख उपयोग राहिला; नियमित प्रवासी सेवा तेथे रुजली नाही. इंदापूर येथे विमानतळ नाही. बारामती–धाराशिव हा सरळ हवाई मार्ग मात्र इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरील उजनी जलाशयाच्या परिसरातून जातो. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सु. १५५ किमी. असून ताशी सु. २०० किमी. वेगाच्या लहान विमानास ते कापण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. रस्त्याने हाच प्रवास सु. चार तासांचा आहे.

तथापि, उड्डाणकाल म्हणजे प्रवासकाल नव्हे. घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास, तेथील प्रतीक्षा, उड्डाणाची व उतरण्याची परवानगी, पावसाळी ढग आणि पुढील वाहनाची सोय यांचा काळ त्यात मिळवावा लागतो. लहान अंतरावर हा वाढीव काळ उड्डाणकालापेक्षाही अधिक होतो. नियमित सेवेअभावी सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने अशा दोन विमानतळांतील हवाई अंतर केवळ नकाशावर उरते. बाजारात शेतमाल नेणारा शेतकरी, रुग्ण वा विद्यार्थी यांच्या दृष्टीने बारामती व इंदापूर यांमधील खरे अंतर एस. टी. गाडीच्या फेऱ्यांवरून ठरते. दळणवळणाच्या इतिहासात वेगाइतकेच महत्त्व सेवेच्या नियमितपणास आहे, हे या लहान मार्गावरून स्पष्ट होते.