आजारपणाच्या दाखल्याची कुळकथा

गिरणगावात तापापेक्षा खाड्याची धास्ती मोठी असे. अंग फणफणलं म्हणून घरी राहिलेल्याची मजुरी तर जाईच, पण जागाही जायची भीती. गिरणीच्या दारावर बदली कामगार उभेच असत आणि आत कुणाला घ्यायचं ते जॉबर ठरवी. ‘खरंच आजारी होतो’ या शब्दाला तिथे वजन नव्हतं. ते यावं म्हणून डॉक्टरचा दाखला लागतो. आज आपण त्याला हजेरीवरचा पहारा समजतो, पण त्याचं कूळ मजुरी वाचवणाऱ्या कायद्यांत आहे.

१८८३ साली बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. वर्गणीचे दोन वाटे कामगाराचे, एक मालकाचा. आजाराने काम थांबलं तर तिसऱ्या दिवसापासून निम्मी मजुरी, तीही तेरा आठवड्यांपर्यंत. आता पैसे द्यायचे म्हणजे आजार कुणीतरी पारखायला हवा. तो निवाडा मालकाकडे न राहता वैद्यकाकडे गेला, हे मला या कहाणीतलं सर्वांत मोठं पाऊल वाटतं. ब्रिटनने १९११ मध्ये असाच कायदा केला.

आपल्याकडे सरकारी नोकरांना दाखल्यावर रजा इंग्रजी अमदानीतच मिळू लागली होती. कारखान्यातल्या माणसासाठी मात्र १९४३ उजाडावं लागलं. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे आलं, पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. हीच आपली ईएसआय. २४ फेब्रुवारी १९५२ ला ती कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, १९५४ मध्ये मुंबईत आली. आज ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला असला की वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते.

दाखल्याचा कागद जवळून पाहिलात तर एक जागा हमखास दिसेल: रोग्याची सही किंवा अंगठा आणि ओळखखूण. भुवईवरचा तीळ, मनगटावरचा व्रण. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी ही नोंद आणि दाखल्याची प्रत ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं. तीळ लिहायचा तर माणूस समोर बसवावाच लागतो. पैसे मोजून न तपासता दिलेल्या दाखल्यांचा मला म्हणूनच संताप येतो. त्यापायी खऱ्या रोग्याकडेही साहेब संशयाने पाहतात.

१९४८ च्या कायद्याच्या ७३ व्या कलमाने आणखी एक आधार दिला: आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाने कामगाराला काढायचं नाही, शिक्षाही करायची नाही. तुमच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर ताप अंगावर काढू नका. पहिल्याच दिवशी दवाखाना गाठा आणि दाखला मागून घ्या.